पेटंट घडीचं होतं, शिडीचं नव्हतं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एका नव्या यंत्राची बातमी होती, फोटोसकट, संशोधक सर्टिफिकेट धरून उभे आणि बातमीत शेवटी एक ओळ की पेटंट मिळाल्यामुळे हे यंत्र सुरक्षित असल्यावर शिक्कामोर्तब झालंय. बातमी छान होती, त्या माणसाची मेहनत दिसत होती, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ती शेवटची ओळ काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, पण शिडीचा भाग ठेवा.

मी अठ्ठावीस वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये काढली. धातूचे तुकडे ओढायचे, वाकवायचे, मोडायचे आणि कुठल्या आकड्याला मोडला ते रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच काम. तरीसुद्धा मी स्वतः फसलो. घरात ट्यूब बदलायला म्हणून घडीची अॅल्युमिनियमची शिडी आणली, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पेटंटेड सेफ्टी लॉक'. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीच. दीड वर्ष नीट चालली. एके दिवशी तिसऱ्या पायरीवर होतो, हात वर, आणि बिजागरी कट्‌ करून सुटली. नशीब की बाजूला कपाट होतं, त्याला धरून खाली आलो, गुडघा सोलला, मनगट आठ दिवस सुजलेलं.

मग लॅबमधली सवय, शिडी आडवी टाकून बिजागरी उघडून बघितली. आत करंगळीएवढी लोखंडी पिन, मागे स्प्रिंग, शिडी उघडली की पिन समोरच्या भोकात जाऊन बसणार असा हिशोब. भोकात धूळ आणि भिंतीच्या पुट्टीचा कण जाऊन बसलेला त्यामुळे पिन पूर्ण आत जायच्या ऐवजी दोनतीन मिलिमीटरच जात होती. बाहेरून बघितलं तर पिन पूर्ण बसलेली असो नाहीतर अर्धी, दोन्ही वेळा बिजागरी अगदी सारखीच दिसते, आवाजसुद्धा तोच, टक्‌. म्हणजे कुलूप लागलंय का नाही हे कळायला काही मार्गच नाही, आणि याला म्हणे सेफ्टी लॉक.

खोक्यावर पेटंटचा नंबर होता तो इंटरनेटवर टाकला आणि सगळा कागद वाचून काढला (हे कुणालाही फुकट करता येतं, फार लोकांना माहीत नसतं). पेटंट खरं होतं, खोटं काहीच नव्हतं. पण पेटंटमध्ये हक्क नेमका कशावर मागितलाय ते शेवटी नंबर घालून लिहिलेलं असतं, क्लेम्स म्हणतात त्याला, ते वाचले तर सगळे क्लेम बिजागरीच्या आकाराबद्दल, की या आकारामुळे घडी घातल्यावर शिडी कमी जागेत मावते. वजन किती पेलेल, पिन अर्धी राहिली तर काय, यावर एक शब्द नाही. पेटंट घडीचं होतं, शिडीचं नव्हतं!

आता यात पेटंट ऑफिसची चूक आहे का, तर नाही. त्यांचं काम वेगळंय. वस्तू नवी आहे का, त्या धंद्यातल्या माणसाला सहज सुचली नसती अशी आहे का आणि वापरता येण्यासारखी आहे का, एवढं ते तपासतात, तेही कागदावर. अमेरिकेत १८८० पर्यंत अर्जासोबत यंत्राचं छोटं मॉडेल द्यावं लागायचं, ऑफिसात मॉडेलं ठेवायला जागा उरेना, मग तो नियम गेला आणि तेव्हापासून चित्र आणि वर्णनावर काम चालतं. कुणी कायम आपोआप फिरणाऱ्या चाकाचा अर्ज घेऊन आला तर चालवून दाखवा म्हणतात, बाकीच्यांना नाही. शिडीवर माणूस चढवून बघणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं.

ते काम मानकांचं. युरोपात शिड्यांसाठी ईएन १३१ (EN 131) नावाचं मानक आहे, त्यात शिडीवर जास्तीत जास्त १५० किलो धरलंय, म्हणजे माणूस, हत्यारं, सामान सगळं मिळून, आणि टिकाऊपणाच्या टेस्टमध्ये घरगुती शिडीवर १०,००० वेळा आणि कामगारांच्या शिडीवर ५०,००० वेळा भार टाकून काढून बघतात. माझ्या खोक्यावर असलं कुठलंच मानक नव्हतं. मी बघितलंच नाही, 'पेटंटेड' वाचलं नि पैसे दिले. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव!

उलट जुने लोक बघा. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस लिफ्टच्या उघड्या फळीवर उभा राहिला, फळी वर चढवली आणि जी दोरी तिला धरून होती तीच सगळ्यांदेखत कापायला लावली. फळी जराशी खाली आली नि थांबली. वरती गाडीला असते तसली पट्ट्यांची स्प्रिंग होती, वजनाने दोरी ताणलेली आहे तोवर स्प्रिंग वाकलेली राहायची आणि दोरी तुटली की ताण गेला म्हणून ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूच्या खांबांवरच्या दात्यांत अडकायची. म्हणजे बिघाड झाला की त्या बिघाडानेच ब्रेक लागतो, कुणी बटण दाबायला नको, कुणी जागं असायला नको. आणि त्याचं याचं पेटंट कधीचं, तर १८६१ चं. आधी लोकांसमोर दोरी कापली, कागद सात वर्षांनी आला. मला हा क्रम फार आवडतो.

रेल्वेचा जॉर्ज वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेक तसाच. १८६९ चा त्याचा पहिला ब्रेक हवा भरली की लागायचा, म्हणजे पाइप फुटला की ब्रेक गेला. १८७२ मध्ये त्याने उलटं केलं, पाइपात हवेचा दाब आहे तोवर ब्रेक मोकळे, दाब गेला की लागणार. डबे तुटून मागे राहिले तरी ते आपले आपण थांबतात. माझ्या शिडीच्या पिनला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, की बिघडलीस तर कुठल्या बाजूला बिघडणार.

टेस्टिंगच्या यंत्रांनाही पेटंटं असतात हे लोकांना सांगितलं की हसतात. आमच्याकडे रॉकवेलचं मशीन होतं, कडकपणा मोजायचं. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी १९१४ मध्ये अर्ज केला आणि १९१९ मध्ये पेटंट मिळालं. बॉल बेअरिंगची कडी नीट कडक झालीत का हे कारखान्यातच झटपट कळावं म्हणून त्यांनी ते केलं. त्याआधीच्या ब्रिनेल टेस्टमध्ये गोळी दाबून पडलेला खड्डा भिंगाखाली मोजत बसावं लागायचं. रॉकवेलमध्ये आधी १० किलोचा छोटा भार देऊन हिऱ्याचं टोक टेकवायचं, मग १५० पर्यंत न्यायचं, पुन्हा १० वर आणायचं आणि टोक किती खोल गेलं तो आकडा डायलवर समोर. पहिला छोटा भार कशासाठी, तर वरचा मळ, खरखरीतपणा, मशीनचा ढिलेपणा हे सगळं आधीच हिशोबातून काढून टाकायला. एवढीशी युक्ती आहे पण काय सुंदर आहे! नवीन पोरं पहिला भार नीट न बसवताच पुढे दाबायची आणि आकडा उड्या मारायचा, मग आमचे साहेब ओरडायचे.

पण माझ्या मते सगळ्यात भारी टेस्ट औषधाच्या बाटलीच्या झाकणाची. दाबून फिरवायचं झाकण असतं ना, नुसतं फिरवलं तर टकटक करत मोकळं फिरतं ते. कॅनडातले मुलांचे डॉक्टर हेन्री ब्रो मुलं औषधं गिळून दवाखान्यात येतायत हे बघून वैतागले होते, त्यांच्या खटपटीतून १९६७ मध्ये असं झाकण निघालं. आता ते मुलांना उघडत नाही हे ठरवायचं कसं? अमेरिकेच्या नियमात सरळ मुलांनाच बसवतात. ४२ ते ५१ महिने वयाची मुलं, ५० चा गट, निकाल काठावर असेल तर अजून गट, २०० पर्यंत. बाटली देऊन सांगायचं उघडा, ५ मिनिटं. नाही उघडली तर मोठ्या माणसाने एकदा उघडून दाखवायची, वर दातांनी केलंत तरी चालेल असंही सांगायचं, आणि अजून ५ मिनिटं. एवढं होऊनसुद्धा निदान ८० टक्के मुलांना ती उघडता आली नाही पाहिजे. आणि खरी गंमत पुढे, तीच बाटली मग ५० ते ७० वयाच्या १०० माणसांना देतात आणि त्यातल्या ९० टक्क्यांना ती उघडून परत बंद करता आलीच पाहिजे. कारण म्हातारीला झाकण उघडलं नाही तर ती ते कायमचं उघडं ठेवणार आणि मग नातवाच्या हाती लागणार. झाकण कितीही पेटंटेड असू दे, दातांनी ओढणारं चार वर्षांचं पोर काही कागद वाचत नाही.

टेस्टसुद्धा कुणाच्या अंगावर केली हे विचारावं लागतं. गाडी धडकवून बघायला १९७६ पासून हायब्रिड थ्री नावाचा पुतळा आहे, साधारण ७८ किलोचा मध्यम बांध्याचा पुरुष. बाईचा म्हणून जो पुतळा नंतर आला तो बराचसा यालाच लहान करून बनवलेला, साधारण ४९ किलोचा. माझी बायको या दोन्हीत बसत नाही, तिने हे ऐकलं नि म्हणाली, म्हणजे माझ्यासाठी कुणी धडकलंच नाही का. मला उत्तर देता आलं नाही.

आता पेटंट म्हणजे वाईटच असं मी म्हणतोय असं समजू नका. गाडीचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने आणला. हा माणूस आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा, त्यामुळे झटक्यात शरीराचं काय होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. एका हाताने, न बघता लावता आला पाहिजे हे त्याने धरून ठेवलं. कंपनीने पेटंट घेतलं आणि मग बाकीच्या गाडीवाल्यांना ते वापरायला मोकळं ठेवलं. आणि मेरी अँडरसनचं काय झालं बघा, १९०३ मध्ये गाडीत बसून आतून हँडलने काच पुसायच्या वायपरचं पेटंट घेतलं, कंपन्या म्हणाल्या यात पैसा नाही, १७ वर्षांत पेटंट संपलं आणि मग वायपर सगळ्या गाड्यांवर आला. आता मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं असते, त्यानंतर चित्रासकट सगळं कुणालाही बनवायला मोकळं. खरा फायदा तो आहे, फुकट पडलेलं ज्ञान, आणि आपण 'पेटंट' शब्द वापरतो नुसता स्टिकर म्हणून.

तर साहेब, मागणी एवढीच. पुढच्या वेळी नव्या यंत्राची बातमी आली की वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला सांगा. पेटंट यंत्रातल्या नेमक्या कुठल्या भागाचं आहे, ते मोडेपर्यंत कुणी चालवून बघितलंय का आणि किती वेळा, आणि बिघडलं तर वापरणाऱ्याला कळणार कसं. उत्तर नसेल तर 'अजून टेस्ट झालेली नाही' असं सरळ छापा, संशोधकाला त्यात कमीपणा नाही, ओटिसलासुद्धा दोरी कापायला लागलीच होती. आणि अर्ज केलाय पण मंजूर नाही अशा वस्तूला 'पेटंट मिळालं' म्हणून छापू नका, हे तुमच्याकडे वर्षभरात मी दोनदा तरी वाचलंय, कात्रणं ठेवलीयत, हवी तर पाठवतो.

शिडी अजून घरात आहे. भोक साफ केलं आणि पिनच्या टोकापासून मागे बरोबर मापाने लाल रंगाची रेघ मारली, पिन अर्धी बसली असेल तर रेघ बाहेर दिसते. पाच मिनिटांचं काम होतं.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त टेस्टिंग इन्स्पेक्टर