कॅसेटमधली खरखर

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. सुखरूप पोहोचल्याचा निरोप तू आईला दिलास, मला दिला नाहीस, आणि त्यात तुझे काही चुकले असे मी म्हणणार नाही. निघण्याच्या आदल्या रात्री मी तुझ्या कानांवरचे हेडफोन ज्या रीतीने ओढून काढले, तसे कोणी माझ्याशी वागले असते तर मी वर्षभर अबोला धरला असता. तेव्हा हे पत्र माफीचे आहे असे समज. कानांविषयी त्यात एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवूनच मी बसलो आहे.

तपासणीत काय निघाले ते मात्र सांगायला हवे, कारण ती वेळ तूच ठरवून दिली होतीस. ऑडिओग्राम म्हणतात त्या आलेखावरची माझी रेघ सुरुवातीला शहाण्यासारखी चालते आणि ४००० हर्ट्झच्या जवळ आली की पाय घसरल्यासारखी खाली जाते. थोडे वयाचे, थोडे छापखान्यातल्या यंत्रांशेजारी काढलेल्या एकतीस वर्षांचे, असे डॉक्टर म्हणाले. स, श, फ अशी व्यंजने उंच वारंवारतेची असल्यामुळे आधी तीच निसटतात आणि स्वर मागे राहतात, हेही त्यांनी समजावून सांगितले. म्हणजे समालोचक ‘साठ’ म्हणतो आणि मला ‘आठ’ ऐकू येते. गेले वर्षभर आपले फलंदाज मला इतके दुबळे का वाटत होते, याचा उलगडा त्या खुर्चीत बसल्या बसल्या झाला.

हसलीस का? हसली असशील तर पुढे लिहायला धीर येईल.

पेटीतल्या कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम तू चार दिवस, जेवणाची वेळही विसरून, करत होतीस. पहिली कॅसेट पूर्ण झाल्यावर तू ती मला ऐकवलीस. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो की वा, खरखर काय स्वच्छ काढली आहेस. तू आधी माझ्याकडे पाहिलेस, मग पडद्यावरच्या हिरव्या नक्षीकडे पाहिलेस आणि अगदी हळू म्हणालीस, “बाबा, मी ती काढलेली नाही. मुद्दाम ठेवली आहे.” टेपची ती अखंड बारीक सळसळ, जिच्यावर चाळीस वर्षे मी कुरकुर केली, ती खोलीभर चालू होती आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघांनाच ऐकू येत होती. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती माझ्या कानांची नव्हती. माझी गाणी ऐकून झाली आहेत. मला दिसले ते तुझ्या कानांवरचे ते दोन काळे पेले. रात्री त्यांचा राग कसा बाहेर पडला ते तुला ठाऊकच आहे.

पाहा, आलोच त्या विषयावर. सोडून देतो.

ऐकणे हे आमच्या घरात मुळातच कष्टाचे काम होते, हे तुझ्या पिढीला सांगूनही पटायचे नाही. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागे. लघुलहरींवरचा तो आवाज भरती-ओहोटीसारखा यायचा आणि जायचा; कडव्याचा अर्धा भाग समुद्रात बुडे आणि उरलेला आम्ही मनाने भरून काढत असू. नाना ट्रान्झिस्टर हातात धरून खोलीभर फिरत, आणि एका विशिष्ट कोपऱ्यात, कपाटाच्या दाराला टेकून, तो स्वच्छ ऐकू येई. माईआत्याला तिथून हलायची परवानगी नव्हती, कारण ती हलली की आवाज जाई. परवा डॉक्टर म्हणाले की निसटलेले शब्द मेंदू अंदाजाने भरून काढतो आणि म्हणून अशा माणसांना आपले ऐकू येणे कमी झाले आहे हे फार उशिरा कळते. मी त्यांना म्हणालो की या कामाचा मला लहानपणापासून सराव आहे.

क्रिकेटही आधी कानांनीच पाहिले. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन लागले की नाना डोळे मिटून बसत, आणि त्यांना झोप लागली असे समजून मी खुंटी फिरवायला गेलो की डोळे न उघडता माझा हात धरत.

तपासणीहून परतल्यावर मी एक चाचणी स्वतःच घेतली. १९७३ साली ‘यादों की बारात’मधले ‘चुरा लिया है’ आले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. सुरुवातीला काचेच्या पेल्यावर चमचा टेकल्याचा तो आवाज, मग गिटार, मग आशाबाई. राहुलदेव बर्मन यांनी घरातल्या पेल्याला वाद्यवृंदात जागा दिली, याचे मला त्या वयात एवढे अप्रूप वाटले की मी आमच्या घरचे पेले ओळीने मांडून, कमीजास्त पाणी भरून, तो नाद शोधत बसे. एक फुटला, दुसऱ्याला तडा गेला आणि नानांनी उरलेले कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. नाद काही सापडला नाही, पण तेव्हापासून ते गाणे लागले की मी पहिल्या किणकिणीसाठीच कान टवकारत आलो आहे. परवा दार लावून घेतले आणि ते लावले. गिटार जागच्या जागी होती. आशाबाई तर जणू शेजारी बसून गात होत्या. पेला मात्र कोणीतरी पलीकडच्या खोलीत नेऊन, वर रुमाल टाकून वाजवावा तसा आला. मी आवाज वाढवला, तर गिटार मोठी झाली, पेला तेवढाच राहिला. तीनदा लावले. चौथ्यांदा लावले नाही.

हे वाचून तू आवाज कमी करशील म्हणून लिहिलेले नाही. किंवा थोडेसे त्यासाठीच लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र मला फार दिलासा देते. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध आपले ५ गडी १७ धावांत बाद झाले आणि तिथून कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रण कुठेही नाही. ती आम्ही कोणी पाहिली नाही, मी तर ऐकलीही नाही, दुसऱ्या दिवशी वाचली. तरीही त्या बॅटचा आवाज कसा होता हे मी तुला आज सांगू शकतो. पाहिलेला होता तो अंतिम सामना. २५ जूनला लॉर्ड्सवर आपण १८३ धावांत आटोपलो तेव्हा नाना उठून झोपायला गेले. व्हिव्हियन रिचर्ड्स ३३ धावांवर असताना मदनलालच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि कपिल पाठमोरा धावत त्या चेंडूखाली पोहोचला, तेव्हा खोलीत कोणी श्वासही घेत नव्हते. झेल झाल्यावर जो गलका उठला त्याने नाना जागे होऊन बाहेर आले ते वेस्ट इंडीज १४० वर संपेपर्यंत उभेच राहिले. बसले तर गडी बाद होणार नाही, अशी त्यांची समजूत होती. ४३ धावांनी जिंकलो. मी त्यांना नाचताना त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

शारजाच्या वेळी तू चार वर्षांची होतीस. २२ एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलिया, मध्येच आलेले वाळूचे वादळ आणि सचिनच्या १४३ धावा. सामना हरलो, पण अंतिम फेरी गाठली, आणि दोनच दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ धावा काढून चषक आणला. तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. प्रत्येक चौकाराला मी किती मोठ्याने ओरडत होतो याचे मला भान नव्हते आणि तुझे डोके माझ्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हते. तू दचकून उठलीस, दोन्ही हात कानांवर ठेवलेस आणि रडू लागलीस. आईने तुला उचलून नेले आणि मी पुन्हा सामना पाहू लागलो. हे चित्र सत्तावीस वर्षांत मला कधी आठवले नव्हते. या नऊ दिवसांत रोज आठवते आहे.

म्हणून आता जे लिहितो ते वाच आणि सोडून दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. ८३ डेसिबलला २० तास, आणि ९० डेसिबलला जेमतेम ४ तास, तेही दिवसाचे नव्हेत, आठवड्याचे. तू दिवसाला नऊ-दहा तास हेडफोन लावून काम करतेस आणि काम संपले की विरंगुळा म्हणून पुन्हा तेच लावतेस. आतल्या कानातल्या केशपेशी जन्माला येताना १५-१६ हजारच असतात आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. दात पडला तर कवळी बसते, केस गेले तर टोपी घालता येते, पण

पुरे. हे सगळे मी कोणाला सांगतो आहे? जिच्या मेजावर आवाज मोजण्याचे यंत्र असते तिला, आणि तेही आदल्या आठवड्यात वाचलेल्या चोपड्यातून. माफ कर. “तुम्हाला माझं काम म्हणजे नुसती गाणी ऐकणं वाटतं,” असे तू त्या रात्री म्हणालीस ते मला लागले, कारण ते खरे नाही आणि खरे नाही हे मी तुला कधी बोलून दाखवलेले नाही.

२ एप्रिल २०११ आठव. मी, आई आणि शेजारचे सगळे दूरचित्रवाणीसमोर होतो आणि तू आतल्या खोलीत नानांचा ट्रान्झिस्टर घेऊन बसली होतीस. कुलसेकरा धावत येत होता, धोनी अजून बॅट आपटत होता, आणि तेवढ्यात आतून तुझी किंकाळी आली, “सिक्स! जिंकलो!” मग काही क्षणांनी तो षटकार आम्हाला दिसला. अठ्ठावीस वर्षे ज्या चेंडूची वाट पाहिली तो तू आधीच फोडलास म्हणून मी तुझ्यावर भडकलो. तू शांतपणे सांगितलेस की उपग्रहावरून फिरून येणाऱ्या चित्राला वेळ लागतो, रेडिओ थेट येतो, आणि हे तुला पहिल्या डावातच लक्षात आले होते. बारावीची परीक्षा दिलेली मुलगी वानखेडेवरचा विजय सोडून दोन आवाजांमधले अंतर मोजत बसली होती! तुझे काय होणार हे मला त्याच रात्री कळायला हवे होते. आईला कळले होते.

‘शोले’ मी अठरा वर्षांचा असताना पाहिला आणि ठाकूरच्या अंगणातल्या त्या प्रसंगाची धास्ती गब्बरची आहे असे मी कित्येक वर्षे समजत होतो. तू मला डोळे मिटायला लावून तो प्रसंग ऐकवलास, आणि मग लक्षात आले की माणसे पडत असताना रिकाम्या झोपाळ्याची करकर चालूच आहे. पन्नाशीनंतर मला ऐकायला तू शिकवलेस. मागच्या वर्षीच्या तुझ्या चित्रपटाला मी दोनदा गेलो, हे तुला ठाऊक नाही. शेवटच्या नामावळीत ध्वनिमिश्रणाखाली तुझे नाव तीन सेकंद दिसते. दुसऱ्या वेळी दिवे लागून झाडूवाला माझ्या रांगेपर्यंत आला होता. त्याला मी नाव दाखवणार तोवर ते वर सरकून गेले. त्याने बिचाऱ्याने मान डोलावली.

येत्या गुरुवारी श्रवणयंत्र लावून बघायला जातो आहे. “चष्मा लावताना लाज वाटली होती का?” या तुझ्या प्रश्नाला मला उत्तर सापडलेले नाही, म्हणून जातो आहे. तिथे ऐकायला आवडीचे काही आणा असे त्यांनी सांगितले आहे. तेव्हा ती पहिली कॅसेट जशीच्या तशी पाठव, अजिबात साफ करू नकोस. गाणे सुरू होण्यापूर्वी टेपचा जो कोरा भाग असतो, तोही असू दे. पहिल्यांदा तेवढाच लावून बघणार आहे.

आईची गुडघेदुखी कमी आहे. तिने आशीर्वाद कळवले आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या यंत्रावर रोज साधारण कितीचा आकडा दिसतो, तेवढा फक्त कळव. त्यावर मी काही बोलणार नाही.