ब्रह्मोस : 'स्वदेशी' नेमके काय?

महोदय,

ब्रह्मोस क्षेपणास्त्राची चाचणी झाली की बातमीत वेग आणि पल्ला ठळक येतो, जोडीला 'स्वदेशी' हे विशेषण. ते सरसकट लावले की भारतीय अभियंत्यांनी एकेक भाग कसा आपलासा केला, हेच झाकले जाते.

१२ फेब्रुवारी १९९८ च्या भारत-रशिया करारातून उभ्या राहिलेल्या कंपनीत भारताचा वाटा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५. मूळ आराखडा रशियाच्या 'ओनिक्स' क्षेपणास्त्राचा. त्यामुळे रॅमजेट इंजिन आणि लक्ष्य शोधणारा सीकर तिकडून आला; दिशादर्शन आणि मारा-नियंत्रण आपले. म्हणूनच १२ जून २००१ रोजी, म्हणजे तीन वर्षे चार महिन्यांतच, ओडिशातील चांदीपूरला पहिली चाचणी होऊ शकली.

सर्वांत अवघड दुखणे रॅमजेटचे. त्यात हवा दाबणारी फिरती पाती नसतात. समोरून घुसणारी हवा वेगामुळेच दाबली जाते. उभ्या जागी ते चालूच होत नाही. आधी घन इंधनाचा बूस्टर क्षेपणास्त्राला ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आसपास नेतो. हा बूस्टर रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच बसवलेला असतो. तो जळून संपला की बाहेर फेकला जातो आणि त्याच पोकळीत केरोसीन पेटते. बूस्टरचा जोर कमी पडला, किंवा नाक हवेच्या प्रवाहाशी फार तिरके झाले, तर आत येणाऱ्या हवेचा दाब कोसळतो आणि ज्योत विझू शकते. म्हणून बूस्टर देशी करणे म्हणजे नुसती नळी भरणे नव्हे. त्याचा जोर आणि जळण्याचा वेळ रॅमजेटशी तंतोतंत जुळावा लागतो.

देशी सीकरची चाचणी २२ मार्च २०१८ ला पोखरणला झाली, देशी बूस्टर आणि सांगाड्याची ३० सप्टेंबर २०२० ला. विक्रोळीत हे सांगाडे घडतात. सुखोई-३० विमानाखाली अडीच टनांची हवाई आवृत्ती टांगण्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करण्याचे काम आमच्या ओझरला झाले. महाराष्ट्राच्या या वाट्याची बातमी क्वचितच येते.

पल्ल्याचेही तसेच. सुरुवातीचा २९० किलोमीटरचा पल्ला ही इंजिनाची मर्यादा नव्हती. रशिया 'एमटीसीआर' या निर्यात-नियंत्रण गटात असल्याने ३०० किलोमीटरपलीकडच्या क्षेपणास्त्राला त्याला हातभार लावता येत नव्हता. जून २०१६ मध्ये भारत त्या गटात गेला आणि मार्च २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणी झाली. त्यामुळे 'पल्ला वाढला' एवढेच लिहिणे अपुरे आहे.

अपयशांचीही नोंद हवी. २० जानेवारी २००९ रोजी पोखरणला क्षेपणास्त्र व्यवस्थित उडाले, पण लक्ष्य चुकले. मार्गदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करून ४ मार्चला पुन्हा मारा झाला, तो अचूक.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या चाचणीनंतर एवढे जरूर विचारावे : या उड्डाणात कोणता भाग पहिल्यांदा देशी होता, आणि रॅमजेटचा ज्वलनकक्ष कुठे घडला?

– एक अभियंता वाचक, ओझर (जि. नाशिक)