पणजोबांची शाहूपुरी

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पणजोबांचे शाहूपुरीतले घर एकदा पाहून ये, असा तू गेल्या दिवाळीपासून लकडा लावला होतास. ते काम अखेर झाले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली, तेव्हा गावातली चालती पेढी उचलून तिकडे जाणाऱ्या पहिल्या अडत्यांत, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्यांत, आमचे पणजोबा होते, एवढीच मूळ हकिकत. त्यांच्या धाडसाच्या कथा मात्र दर लग्नकार्यात थोड्या थोड्या वाढत आल्या आहेत, हे तू ऐकतोसच.

मी मुद्दाम रेल्वे स्टेशनावरून पायी निघालो आणि पेठ इतक्या लवकर आली की त्या धाडसाचा उलगडाच झाला. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. गूळ वजनाला जड, शिवाय दमट हवेत त्याला पाणी सुटते. असा माल बैलगाडीतून घाटवाटांनी नेण्यापेक्षा स्टेशनाच्या दारात साठवून वॅगनीत चढवणे किती सोयीचे, हे पणजोबांनी वेळीच ओळखले असणार. घरच्यांना रुचणार नाही, पण ते धाडसी कमी आणि हिशेबी अधिक होते असे माझे मत झाले, आणि तसेच ते मला जास्त आवडले.

घर आजोबांच्याच वेळी विकले गेले. सध्याच्या मालकांनी मोठ्या अगत्याने आत नेले. जोते चांगले कमरेएवढे उंच आहे, आणि मागच्या कोठाराला पश्चिमेकडे एकही खिडकी नाही; आषाढातला पाऊस त्याच अंगाने झोडपतो. तुळईला तराजूची लोखंडी कडी अजून आहे. तिच्या घासण्याने लाकडात बोटभर खोल खाच पडली आहे, तिच्यात मी बोट घालून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहायला गेलो, कारण तो व्यापार आता तिकडे चालतो. तीस-तीस किलोंच्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या, रंग आणि कणी पाहून चढणारी बोली, आणि ते रवे पाठीवरून वाहणारे हमाल. काहिलीपाशी उभा राहून पाक नेमका उतरवणारा गुळव्या आमच्या घरच्या कथांत कधीच आला नाही, हे मला तिथे फार खटकले. शेतकऱ्याला हंगामाआधी उचल द्यायची आणि त्याचा माल आपल्याच अडतीला बांधून घ्यायचा, ही त्या धंद्याची दुसरी बाजू. पेठेची भरभराट सांगताना तिच्याविषयीही बोलले पाहिजे.

आत्याकडे पणजोबांची एक खातेवही निघाली आहे. ती सगळी मोडीत आहे आणि आमच्यात कोणालाच मोडी वाचता येत नाही, तेव्हा मे महिन्यात सवड काढून ये. उचल कोणाला दिली, व्याज किती लावले आणि कोणाचे शेत त्यापायी गेले का, हे मला त्या वहीतून पाहायचे आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र