कथेतील वर्णनाच्या सरावासाठी पुरवणीत जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवोदितांच्या कथा नियमितपणे छापल्या जातात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्या वाचताना, आणि स्थानिक कथास्पर्धांच्या परीक्षणासाठी आलेली हस्तलिखिते तपासतानाही, वर्णनाची बाजू सातत्याने लंगडी जाणवते. कथानक बरे असते, संवाद तर बहुधा चांगलेच असतात. पण पात्र घराबाहेर पडले की सूर्य आग ओकू लागतो आणि पाऊस आला की धरणी हिरवा शालू नेसते. शालेय निबंधासाठी गाईडमधून पाठ केलेली ही वाक्ये गुण मिळवण्यापुरती ठीक होती. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो हे येथे वाढलेल्या लेखकाला कोणी सांगायला नको; तरीही कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, तोंडाभोवती घट्ट गुंडाळलेला दुपट्टा किंवा सीताबर्डीवर भर दुपारी अर्ध्यावर ओढून घेतलेले शटर त्याच्या कथेत सहसा सापडत नाही.

रशियन कथाकार चेखॉव्हने मे 1886 मध्ये आपला भाऊ अलेक्झांडर याला लिहिलेल्या पत्रात याविषयी नेमका सल्ला दिला होता. पाणचक्कीच्या बांधावर फुटक्या बाटलीची काच चमकली आणि एखाद्या कुत्र्याची काळी सावली पुढे सरकली, एवढे लिहिले तरी चांदणी रात्र उभी राहते, असे त्याचे म्हणणे होते. हा सल्ला बहुतेक लेखनशिबिरांत ऐकवला जातो, टाळ्याही मिळतात, आणि सराव मात्र कोणी करून घेत नाही. चित्रकलेचे विद्यार्थी वही घेऊन फुटाळा तलावाच्या काठावर तासन्‌तास रेखाटने करतात. कथालेखक थेट कथाच लिहायला बसतो.

म्हणून सूचना अशी की, पुरवणीत दर आठवड्याला शहरातील एक ठिकाण आणि एक अट द्यावी व वाचकांकडून दीडशे शब्दांचे वर्णन मागवावे. अट महत्त्वाची आहे. उदाहरणार्थ, आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात आली असताना तो बाजार काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या नजरेतून लिहायचा. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पण कर्जाचा उल्लेख करायचा नाही. असा माणूस फळांचा केशरी रंग पाहत बसणार नाही. फळगळीतून वाचलेल्या मालावरचे डाग, शेजारच्या ढिगाचा आकार आणि बोली थांबल्यावर अडत्याने दुसरीकडे वळवलेली मान, एवढेच त्याला दिसेल. तोच बाजार पुढच्या आठवड्यात हमालाच्या बाजूने लिहायला सांगावा, म्हणजे ओझे, वाट आणि पायाखालचा चिखल यांना महत्त्व येईल आणि संत्री जवळजवळ नाहीशी होतील. वर्णन हे पात्राच्या गरजेतून निघते, ही गोष्ट व्याख्यानापेक्षा अशा दोन प्रयत्नांतून अधिक पक्की कळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक केवळ कानांनी टिपायला सांगता येईल: ‘घेऊन जा गे मारबत’ हा घोष दुरून कसा येतो आणि गल्लीत शिरल्यावर कसा बदलतो. एखाद्या आठवड्यात विशेषणांना पूर्ण बंदी घालावी.

आजचा वाचक वर्णने गाळून पुढे जातो, तेव्हा हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. तो गाळतो हे खरे आहे, परंतु गाळतो ती कुठल्याही कथेत चिकटवता येतील अशी वर्णने. ज्या तपशिलावर पुढची घटना अवलंबून आहे, तो त्याला गाळता येत नाही.

केवळ उत्तम नमुना छापून भागणार नाही. लेखकाच्या संमतीने, हवे तर नाव न देता, त्याचा पहिला खर्डा आणि संपादकीय सूचनांनंतरचा दुसरा खर्डा शेजारी शेजारी छापावा. कोणते वाक्य का गेले, हे नवोदितांना इतरत्र कुठेच पाहायला मिळत नाही. हे काम वेळखाऊ आहे याची कल्पना आहे, त्यामुळे दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा झाले तरी चालेल. मजकूर ईमेलबरोबरच टपालानेही स्वीकारावा, कारण तालुक्याच्या गावांतून लिहिणारे अनेक जण अजून हातानेच लिहितात.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर