मावशी, सातबाऱ्यावर नाव लागलं

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

हे प्रभूकडे गेले तेव्हा दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी योहानाचा 14 वा अध्याय वाचला. पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत, या एका वचनावर मी उभी राहिले. पुढे मात्र त्याच वचनाआड लपायला लागले, आणि ते फक्त तुम्ही ओळखलंत. सोसायटीचं पीककर्ज, वारस नोंद, लेकीचा नर्सिंगचा फॉर्म, कुणी काहीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "आपलं खरं घर वर आहे, इथलं काय घेऊन बसायचं?" मंडळीतले लोक म्हणायचे, काय विश्वास आहे बाईचा! खरं सांगायचं तर मला उद्याची भीती वाटत होती.

आठ महिने असेच गेले. मग एका दुपारी तुम्ही आलात. खताच्या पिशवीत कोंबलेले सगळे कागद पलंगावर ओतलेत, चष्मा लावलात आणि एकेक घडी उलगडून हातानं सपाट करत बसलात. लाइट बिलं एकीकडे, दवाखान्याच्या पावत्या एकीकडे. सातबारा हातात आला तेव्हा म्हणालात, "जीवनाच्या पुस्तकात तुझं नाव आहे, ते प्रभूनं लिहिलंय. इथं मात्र तलाठ्याकडं अर्ज केल्याशिवाय लागायचं नाही." कित्येक महिन्यांनी मी हसले, आणि हसता हसता रडले.

मग तुम्ही बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय काढलात. लहानपणापासून बायबल हातात, पण ती एका शेताच्या खरेदीची गोष्ट आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. नगर शत्रूच्या हाती जाणार हे तर यिर्मयाच सगळ्यांना सांगत होता. तरी त्यानं 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, साक्षीदार घेतले, खरेदीखतावर मोहोर केली आणि पुष्कळ दिवस टिकावं म्हणून आपला लेखनिक बारूख याला ते मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितलं. या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील, असं देवाचं वचन त्याच्याजवळ होतं. "आशा होती म्हणून त्यानं व्यवहार केला," तुम्ही म्हणालात, आणि माझे कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेत. "हे आपलं मडकं."

मी याकोबाच्या पत्राचा 4 था अध्याय पुढे केला. आपलं जीवन म्हणजे घटकाभर दिसणारी वाफ, असं तोच सांगतो ना? तुम्ही पुढची ओळ वाचायला लावलीत: प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक अमुक करू. "यात 'करू' आहे की नाही?" एवढंच विचारलंत. तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या अमक्या गावी जाऊन नफा कमावू, या व्यापाऱ्याच्या फुशारकीला याकोब रागावतो, त्याला दुकान बंद कर म्हणत नाही. 1831 साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं, तेव्हा त्या लोकांनी सार्वकालिक जीवन सांगितलं आणि शाळाही काढल्या. आमच्या घराण्यात शुभवर्तमान आणि पाटी-पेन्सिल बरोबरच आली. ते मी कशी विसरले, कुणास ठाऊक.

पुढचं सगळं तुम्ही माझ्याबरोबर एसटीनं येऊन केलंत. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग नोटिशीचे 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. गुडघे दुखत असताना तलाठी कार्यालयाच्या बाकावर तुम्ही माझ्याशेजारी बसून होतात. मला त्या बाकाइतकी प्रार्थना दुसरीकडे कुठं घडली नाही.

लेक आता जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी भरायची तारीख मी कॅलेंडरवर लिहिते आणि त्याच पानावर यांचा स्मरणदिनही. पूर्वी ही दोन कामं एका हातानं होतील असं वाटत नव्हतं. यांना पुन्हा भेटेन याची खात्री आहे, म्हणूनच बहुतेक त्यांचं शेत नीट सांभाळावंसं वाटतं.

विहिरीच्या कडेला 40 कागदी लिंबं लावलीत. तुम्हीच म्हणाला होतात, "लाव, मी खाईन न खाईन." आळ्यांना पाणी देताना ते आठवतं आणि पोटात कालवतं. फळ धरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. प्रभूची इच्छा असेल तर पहिली पाटी तुमच्या दारात उतरवीन. लोणच्याचा मसाला तुमच्याच हातचा लागेल.

तुमची,
विहिरीकडच्या मळ्यातली लेक