सूचना : सदोष विद्युत भाग बदलणे बंधनकारक

जुहूच्या तळावर हेलिकॉप्टर देखभालीचं काम करणाऱ्या सर्व सभासदांना स्मरण.

एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हमध्ये (उड्डाणसुरक्षेसाठी विमान वाहतूक नियामकाने काढलेल्या बंधनकारक आदेशात) नमूद केलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), सर्किट ब्रेकर किंवा वायरिंग मुदतीत बदललंच पाहिजे. ‘अजून चालतंय’ हे कारण चालणार नाही. मुदत टळली की हेलिकॉप्टर उड्डाणयोग्य राहत नाही. पार्ट नंबरसोबत सिरीयल नंबरही जुळवा. स्टोअरमधले सुटे भाग हमखास तपासायचे राहतात, तेही बघा. काढलेल्या भागाला अनसर्व्हिसेबल (वापरास अयोग्य) टॅग लावा आणि लॉगबुकात नोंद करूनच सही करा.

१९९८ साली स्विसएअर १११ विमानात बहुधा वायरिंगच्या ठिणगीनेच आग लागली, २२९ जण गेले. समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या वाटेवर तर खाली उतरायला जमीनही नसते.

असा भाग सापडला तर क्वालिटी मॅनेजरना त्याच दिवशी कळवा.