घरच्या मशीनवर प्रयोग करायचा नाही

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आमच्या नव्या घरात आपल्या घरी आहे तसाच सर्व्हर लावून देशील का?" मी लगेच हो म्हणालो आणि मग रात्री बराच वेळ जागा राहिलो. कुठली डिस्क घ्यायची, घरातले फोटो आणि कागदपत्रं सांभाळणारं, सतत चालू राहणारं ते मशीन किती ताकदीचं हवं, हे माझ्या डोक्यात तयार असतं. पण ते लावण्याआधी तुला जे सांगायचंय ते फोनवर नीट जमलं नसतं.

दहावीत असतानाची ती संध्याकाळ आठवते? मी कामासाठी बाहेरगावी होतो. राउटरच्या शेजारी मी रास्पबेरी पाय लावला होता आणि त्यावर पाय-होल नावाचं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर चालवत होतो. घरातल्या कुठल्याही फोनने एखाद्या साइटचं नाव विचारलं की त्याचा पत्ता आधी तो तळहाताएवढा कॉम्प्युटर सांगणार, आणि जाहिरातवाल्या सर्व्हरांचे पत्ते मात्र देणारच नाही. अख्ख्या घरातल्या जाहिराती एका फटक्यात गायब! मला त्याचं केवढं अप्रूप होतं. राउटरमध्ये मी फक्त त्याचाच पत्ता भरला होता, मुद्दाम. दुसरा एखादा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, दिला असता तर काही उपकरणांनी त्यालाही विचारलं असतं आणि जाहिराती तिकडून शिरल्या असत्या.

त्यातलं मेमरी कार्ड त्या दिवशी गेलं. नोंदी रात्रंदिवस त्याच्यावरच लिहिल्या जात होत्या आणि साधं कार्ड अशा सततच्या लिखाणासाठी बनवलेलं नसतं. हे मला माहीत होतं. तरी मी चालवून घेतलं.

इंटरनेटची लाइन व्यवस्थित होती, राउटरचे दिवे हिरवे होते, पण पत्ते सांगणारंच कुणी नसल्याने एकही साइट उघडत नव्हती. तुला रात्री आठच्या आत प्रकल्प पाठवायचा होता. आईचे तीन फोन येऊन गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. शेवटी मी फोन केला आणि राउटरमधला तो पत्ता बदलता यावा म्हणून राउटरचा वीस अक्षरी पासवर्ड एकेक अक्षर सांगायला लागलो. "हा स्मॉल एल की एक?" आई विचारत होती. दोनदा चुकला. मागे तुझं रडणं ऐकू येत होतं. मग तूच आईच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केलास आणि आठला चार मिनिटं कमी असताना फाइल गेली.

मी परत आल्यावर आई एकच वाक्य बोलली. "तुझ्या प्रयोगात आम्हाला राहायला लावू नकोस." ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर मी घरचं मशीन आणि माझं मशीन वेगळं केलं. घरच्या मशीनवर डेबियनची, म्हणजे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकाराची, स्टेबल आवृत्ती टाकली. ती साधारण दोन वर्षांनी एकदा बदलते आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट येतात. हौशी माणसाला तिथे करण्यासारखं काही उरत नाही, आणि घराला नेमकं तेच हवं असतं. जे मोडायचं ते मी जुन्या लॅपटॉपवर मोडायला लागलो. आईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतानाही मी आधी तिला आठवडाभर पेनड्राइव्हवरून चालवून बघायला दिलं. "टाक" असं ती म्हणाली, मगच टाकलं.

फोटोंच्या बाबतीत मात्र मी आणखी एकदा चुकलो. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या होत्या, रेड १ म्हणतात ती पद्धत. त्यामुळे सगळं सुरक्षित आहे अशा समजुतीत मी होतो. एक डिस्क मेली तर आरसा वाचवतो. पण आपणच काही पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. डुप्लिकेट फाइल्स साफ करताना माझ्या हातून आजीच्या आवाजाचा फोल्डर गेला. काही फाइल्स आईच्या जुन्या फोनमध्ये मिळाल्या. तुला हाक मारतानाची मिळाली नाही. त्याबद्दल मी तुझी माफी आधीही मागितली आहे.

म्हणून आता तीन प्रती: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पण नुसता बॅकअप घेऊन भागत नाही. तो परत उघडूनही बघावा लागतो. सुट्टीत तुला शेजारी बसवून मी म्हणायचो, "कुठलाही एक फोटो सांग." कपाटातली डिस्क जोडायची, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर चढताना तिचा तो बारीक आवाज यायचा, आणि तू सांगितलेला फोटो परत आला की तू टाळी वाजवायचीस. मी या छंदापायी तासन्‌तास एकटा बसलोय, त्यातल्या कितीतरी रविवारी तू दारात येऊन परत गेलीस. टाळीचे ते दिवस मला जास्त जवळचे वाटतात.

आपल्या घरातली ती वही आठवते ना? मी लिहिली तेव्हा ती फक्त मला कळत होती. मग आईने सगळी पुन्हा लिहिली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात आहे: "इंटरनेट गेलं तर". खाली कुठला पांढरा डबा बंद करायचा, राउटरच्या पानावर कसं जायचं, डीएनएसच्या चौकटीत ९.९.९.९ हा बाहेरच्या डीएनएसचा पत्ता कसा टाकायचा. राउटरचा पासवर्डही तिथेच, मोठ्या अक्षरात. मी घरात नसताना ती वही दोनदा कामी आली आणि दोन्ही वेळा मला फोन आला नाही.

तुझ्या नवऱ्याला या सगळ्यात रस नाही, हे मला माहीत आहे. रस असायलाच हवा असंही नाही. पण त्या मशीनमध्ये त्याचेही फोटो असणार, त्याचीही कागदपत्रं असणार. तू गावाला गेलीस तर ती त्याला उघडता आली पाहिजेत.

म्हणून पुढच्या महिन्यात मी मशीन आणीन ते कोरं आणीन, आत काहीही न टाकता. ते तुम्ही दोघांनी सुरू करायचं, मी शेजारच्या खुर्चीत बसेन. एक कोरी वहीही आणतोय. तिचं पहिलं पान त्याने लिहायचं, त्याच्या शब्दांत. मग तू बाहेर जायचं, मी सर्व्हरची वायर काढेन, आणि वही बघून त्याने तो पुन्हा चालू करायचा.

तुझा,
बाबा